मामांना न सांगता

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होतात, म्हणून मला अर्धंच कळलं. पण जेवढं कळलं तेवढ्याने माझी झोप गेली. तुमच्या कॉलेजजवळच्या कॅफेत वर्षानुवर्षं कॉफी आणून देणाऱ्या बाई आजारी आहेत. तुम्ही सगळे जुने-नवे विद्यार्थी जमून त्यांच्या उपचारासाठी तिथेच पार्टी करणार आहात. पूर्वीचे पदार्थ, पूर्वीची गाणी, आणि बाईंना मात्र शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही. तुम्ही खुशीत होतात. मी 'छान' म्हणाले आणि फोन ठेवला.

अशीच एक पार्टी मी पन्नास वर्षांपूर्वी सोलापुरात केली होती. तुमच्या आईलाही मी ती कधी नीट सांगितलेली नाही. तेव्हा ती चार वर्षांची होती आणि शेजारी खेळत होती. तुमची पार्टी अजून तीन आठवड्यांवर आहे, तेव्हा हे वेळेत पोचेल. बाईंना आधी विचारा, एवढंच मला सांगायचं आहे. पण नुसतं तेवढं लिहिलं तर तुम्हाला ती म्हातारीची काळजी वाटेल. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

मी कॉलेजात असताना सात रस्ता चौकापाशी एक हॉटेल होतं. राहायचं नव्हे, चहा-फराळाचं. मुलींनी हॉटेलात बसणं त्या काळी घरच्यांना चालत नसे, पण या हॉटेलात मागच्या बाजूला 'फॅमिली रूम' होती, म्हणजे लाकडी पार्टिशन आणि त्याला हिरवा पडदा. आम्ही चौघी-पाचजणी तिथे बसायचो. आम्हाला वाढायला एकच वेटर यायचे. ते सोलापूरजवळच्या वळसंग गावचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि ते आम्हा सगळ्यांना अक्का म्हणायचे, आम्ही त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलो तरी. बाहेरच्या टेबलावरचा एखादा मुलगा पडद्याकडे फार वेळ बघायला लागला की मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि त्याचं टेबल पुसायला घ्यायचे. इतकं सावकाश पुसायचे, की तो उठून जायचा.

बिलाचा कागद त्या हॉटेलात नव्हता. कोणी काय खाल्लं ते मामांच्या डोक्यात. तुम्ही उठून गल्ल्याकडे चालू लागलात की मामा मागून खणखणीत आवाजात आकडा सांगत, 'पुढच्या दोघी अक्का, दहा आणे,' आणि मालक तेवढे घेत. आकडा कधी चुकला नाही. बशीत दोन पैसे ठेवले तर मामा ते घेत, पण ते ठेवलेले असले पाहिजेत. कुणी मोडीचे पैसे विसरून गेलं तर ते फडकं खांद्यावर टाकून रस्त्यावर पळत जात आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून येत. एकदा माझ्या मैत्रिणीचे दोन आणे द्यायला ते बस स्टँडच्या वाटेवर निम्म्यापर्यंत आले होते.

मग माझं लग्न झालं, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तुमची आई झाली. हॉटेलात जाणं वर्षातून दोनदा. बहात्तरचा दुष्काळ संपला त्याच्या पुढच्या वर्षी एकदा गेले तर मामा नव्हते. गल्ल्यावर मालक होते. घरी कानडी बोलणारा, शांत माणूस. ते म्हणाले, मामा चार महिने घरीच आहेत, श्वास पुरत नाही.

आमच्याच कॉलेजातला एकजण तोपर्यंत डॉक्टर झाला होता आणि मामांना तोच बघत होता. मी त्याच्याकडे गेले. त्याने सांगितलं की हृदयातली एक झडप आकसली आहे. लहानपणी कधी सांधे धरून ताप आला असेल, त्याचं हे पुढे आलेलं. पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होतं, लवकर झालं तर माणूस वाचतो. खर्च मामांच्या आवाक्याच्या कितीतरी बाहेर होता. तोवर काय करायचं, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे बघत एकेक शब्द सावकाश सांगितला, मी शाळेत डिक्टेशन घालते तसा. जिना नाही, ओझं नाही, धावणं तर अजिबात नाही. आणि दम लागून कोसळले तर बसवून धरायचं, आडवं करायचं नाही. आडवं केलं तर स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात बुडतील.

ते वाक्य मी घरी घेऊन आले. रात्री तुमच्या आईचा श्वास मोजत बसायची मला सवय लागली, उगाचच.

पार्टीची कल्पना माझी. माझी उर्दू शाळेत शिकवणारी मैत्रीण, जिचे दोन आणे परत आले होते ती, लगेच तयार झाली. पत्ते शोधले, पोस्टकार्डं लिहिली. रविवारी चार वाजता, जुनं हॉटेल, जुनी टेबलं, फळ्यावर जुने भाव. खा आणि जाताना मामांच्या ऑपरेशनसाठी गल्ल्यावर मनाला येईल ते ठेवा. साखर रेशनवर होती, म्हणून शिऱ्यासाठी प्रत्येक बाईने आपल्या कार्डावरची वाटीभर साखर आधी पोचवायची असं ठरलं. मालकांनी जागा आणि तीन वेटर दिले. कागदावर सगळं इतकं व्यवस्थित होतं, की मी स्वतःवर खूश होते.

मामींना सांगायला मी त्यांच्या खोलीवर गेले. मामा झोपले होते, म्हणजे भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटले होते. मामी मला बाहेर घेऊन आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यास्नी सांगा अक्का. न सांगता करू नगा. तुमाला वाटतंय तसा न्हाई त्यो मानूस."

मी म्हटलं, सांगितलं तर ते येणारच नाहीत. मामी म्हणाल्या, तर मग येनार न्हाईत, ते बी ठीक हाय. मी शिकलेली होते, मला माणसं कळतात असं मला वाटत होतं. मी त्यांना समजावलं: आधी नुसतं जुन्या विद्यार्थ्यांचं भेटणं म्हणून बोलवू, ते खुर्चीत बसतील, सगळे भेटतील, आणि पैशाचं नंतर मी हळूच सांगेन. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत.

त्या रविवारी पावणेचारला मामा आले ते कामाचे कपडे घालून. पांढरा सदरा, इस्त्री केलेला, खांद्यावर धुतलेलं फडकं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी त्यांना गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसवलं. ओठांचा रंग बघितला, जांभळट होता. डॉक्टर चारला येणार होता, पण निरोप आला की एक अडलेली बाळंतीण आहे, तो उशिरा पोचेल.

साडेचारपर्यंत हॉटेल भरलं. बायकांनी हट्टाने फॅमिली रूम घेतली आणि पडदा ओढून आत इतकं हसायला लागल्या की बाहेरचे पुरुषही हसले. कुणी कुणाला ओळखेना, कुणाचं टक्कल, कुणाचं पोट. आणि मग एकाने, अगदी मायेने, हाक मारली की मामा, एक शिरा, दोन उप्पीट, आणि चहा कडक.

मामा उठले.

मी मध्ये गेले. बसा मामा, वाढायला मुलं आहेत, तुम्ही आज पाहुणे. ते माझ्याकडे बघून हसले. "बसून कुनी वाढतंय व्हय अक्का? एवढी मानसं आल्याती, म्या काय फोटो हाय का भिंतीवरचा?"

बाजूचे लोक हसले. मामा आत गेले आणि उजव्या हातावर तीन बशा, डाव्या हातात चहाचे कप घेऊन बाहेर आले. टाळ्या पडल्या. पुढचा तासभर मी कुणाशी काय बोलले ते मला आठवत नाही. मला फक्त मामा दिसत होते. स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीच्या टेबलापर्यंत अकरा पावलं होती. सुरुवातीला ते ती सरळ चालले. मग मधल्या खांबाशी थांबायला लागले. मग माझ्या लक्षात आलं की बशा ठेवून झाल्यावर ते टेबल पुसतायत, आणि ते टेबल स्वच्छ आहे. एका हाताने फडकं फिरतंय आणि दुसरा हात टेबलावर रोवलेला, त्याची नखं शाईत बुडवल्यासारखी. श्वास जागेवर आला की फडकं थांबायचं आणि मामा पुढच्या टेबलाकडे जायचे. पूर्वी ते दुसऱ्याला उठवण्यासाठी टेबल पुसायचे. आता स्वतः उभं राहण्यासाठी पुसत होते, आणि साठ माणसांत ते कुणालाही दिसत नव्हतं.

मी दोघा-तिघांना कानात सांगितलं, मामांना हाका मारू नका. एकजण म्हणाला, अहो, किती आनंदात आहेत ते, असू द्या की. मैत्रिणीने मला पडद्याआड ओढलं. तिचा चेहरा उतरला होता. "बोल दे तू उन्को," ती म्हणाली. "अब्बी के अब्बी बोल दे. गुस्सा करिंगे तो करिंगे."

मला तेव्हा सांगता आलं असतं. मामा, हे सगळं तुमच्यासाठी आहे, तुम्ही पडलात तर कशाचाच उपयोग नाही. पण साठ माणसांसमोर ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होईल ते मला डोळ्यांसमोर दिसलं आणि माझा धीर झाला नाही. मी म्हटलं, पाच मिनिटांत डॉक्टर येईल. मी हे पाच मिनिटांचं तीन वेळा म्हटलं.

मग लोक उठायला लागले, आणि जे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं ते सुरू झालं. पहिली जोडी गल्ल्याकडे निघाली आणि मामांनी, खांबाला धरून, मागून आकडा सांगितला. आवाज फाटका झाला होता, पण आकडा जुन्या भावाचा आणि बरोबर. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामांच्या देखत जास्त कसे द्यायचे? त्यांनी निमूटपणे तेवढेच सुटे मोजून ठेवले आणि बाहेर जाऊन पायरीवर घोटाळत राहिले. पुढच्यांचं तेच. मी बाहेर जाऊन सांगून आले की पैसे नंतर माझ्या घरी पोचवा. मनात म्हटलं, चला, निदान हे निभावलं.

नेमके तेव्हाच एक गृहस्थ निघाले. आमच्या वरच्या वर्गात होते, आता बांधकाम खात्यात इंजिनिअर. त्यांना बाहेरची कुजबुज माहीत नव्हती. मामांनी सांगितलं, 'साहेब, बारा आणे.' त्यांनी शंभराची नोट गल्ल्यावर ठेवली, मालकांना मान डोलावून खूण केली आणि पायऱ्या उतरून गेले.

मामा गल्ल्यापाशी आले. नोट बघितली. मालक म्हणाले, राहू दे. मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मालकांनी मान खाली घातली. बावीस वर्षं एकत्र काम केलेली ती दोन माणसं. "गिऱ्हाइकाचं ठेवून घ्यायचं, मालक?" मामा म्हणाले. "आजच्या दिवशी?"

आणि नोट उचलून ते धावले.

मी त्यांच्या मागे. पायऱ्या, मग रस्ता, सायकली, एक टांगा, समोरून येणारी बस. मला त्यांची पाठ दिसत होती आणि कानात डॉक्टरचं डिक्टेशन चालू होतं. ते गृहस्थ रस्त्यापलीकडे स्कूटरला किक मारत होते. मामांनी जाऊन त्यांचा दंड धरला. बोलता येत नव्हतं, नुसती नोट पुढे केली. त्या भल्या माणसाने मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मामा, हे तुमच्या ऑपरेशनसाठीच आहे की. आज आम्ही सगळे त्यासाठीच तर आलो."

मी तोवर दोन पावलांवर पोचले होते. मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग ते फुटपाथच्या कडेला बसले, आणि खोकायला लागले. तोंडाला गुलाबी फेस आला.

माणसं जमली. कुणी म्हणालं पाणी पाजा, कुणी म्हणालं झोपवा, वारा घाला. दोघांनी त्यांचे पाय उचललेसुद्धा. मी आयुष्यात रस्त्यावर ओरडले ती तेवढीच एकदा. बसवा, आडवं करू नका, सोडा ते पाय. मी त्यांच्या पाठीशी बसले आणि त्यांचं सगळं अंग माझ्या छातीवर टेकवून धरलं. त्यांच्या पाठीतून येणारा आवाज मला माझ्या बरगड्यांत लागत होता. हंडीत पाणी उकळतं तसा. मैत्रिणीने टांगा थांबवला. सरकारी दवाखान्यापर्यंत मी त्यांना तसंच धरून बसले होते आणि मनात एकच होतं, की हा आवाज थांबला तर तो माझ्या हातांत थांबणार.

डॉक्टर तिथेच भेटला, अंगावर अजून बाळंतपणाचा एप्रन. इंजेक्शन, ऑक्सिजन. मला बाहेर काढलं. मामी आल्या तेव्हा मी बाकावर होते, साडीवर ते गुलाबी डाग. मला वाटलं त्या मला मारतील, आणि तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "म्या सांगितलं हुतं, अक्का."

तीन दिवस जीव टांगणीला लागला होता. शाळेत मी फळ्यावर वाक्य लिहायची आणि पुढचं विसरायची. चौथ्या दिवशी मामा बोलायला लागले, आणि पहिलं वाक्य हे, की सगळ्यांचे पैसे परत करा. मी पायाशी उभी होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बावीस वर्सं ज्यांच्या म्होरं बशी ठेवली, त्यांच्या म्होरं मला हात पसरून हुबं केलं तुमी. मला ठावं बी नव्हतं, की माझा हात पसरलाय."

मी माफी मागितली. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या दोन दिवसांत डॉक्टरने समजावलं, मालकांनी समजावलं, ते हलेनात. डॉक्टरने पुण्याला मिळवलेली ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यात होती, ती गेली असती तर पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि असा दुसरा झटका ते सोसणार नाहीत हे डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी मामांना वाचवायला निघाले होते आणि माझ्यामुळेच ते मरायला तयार झाले होते.

शेवटी मामी बोलल्या. पेज भरवत होत्या, त्यातच. "तुमी नगा घेऊ. म्या घेते," त्या म्हणाल्या. "तुमचा अपमान झाला तर त्यो तुमच्याजवळ ठेवा, बरं झाल्यावर काढा कितीबी राग. पोरगी सात वर्साची हाय. तिला काय अभिमान शिजवून घालू? तोंड उघडा."

मामांनी तोंड उघडलं.

डॉक्टर त्यांच्याबरोबर पुण्याला गेला. ऑपरेशनच्या दिवशी तार करेन म्हणाला होता. आमच्या गल्लीत इंग्रजी येणारी बाई मी एकटी, त्यामुळे कुणाचीही तार आली की ती वाचायला माझ्याकडे येई. कितीतरी मरणं मी माझ्या उंबऱ्यात उभं राहून शेजारणींना मराठीत सांगितली होती. या वेळी दोन दिवस तार आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन आला, मी सही केली, आणि मला ती उघडता येईना. शेवटी ज्या शेजारणीला मी तिच्या भावाची बातमी सांगितली होती, तिने माझ्या हातातून घेऊन पाकीट फोडलं आणि उघडा कागद माझ्या डोळ्यांपुढे धरला. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, ती माझा चेहरा बघत होती. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आहेत, एवढंच होतं. मी चौकटीला धरून खाली बसले. ती बिचारी रडायलाच लागली. मी मान हलवून सांगितलं, नाही, नाही, जिवंत आहेत.

मामा त्यानंतर अकरा वर्षं जगले. बशा पुन्हा उचलल्या नाहीत. मालकांनी त्यांना गल्ल्यावर बसवलं. मी गेले की चहा पाठवायचे, तुमच्या आईची चौकशी करायचे, पण पूर्वी अक्का म्हणायचे ते मला 'बाई' म्हणायला लागले. बाकी सगळ्यांना अक्का आणि मला बाई. मी कधी त्याविषयी बोलले नाही. ते त्यांनी ठरवलेलं होतं आणि ते योग्यच होतं. शिवाय माझी भीती गेली नव्हती. ते गल्ल्यावर हसत असले तरी मी आधी त्यांच्या नखांकडे बघायची, चेहऱ्याकडे नंतर.

आता ते हॉटेल नाही; त्या जागी मोबाइलची दुकानं आहेत. मालक, मामी, डॉक्टर, माझी मैत्रीण, कुणीच राहिलेलं नाही. शंभराची नोट ठेवणारे इंजिनिअर नव्वदीचे आहेत, मुलाकडे असतात, ऐकू कमी येतं. मामांची मुलगी वळसंगच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. ती आहे, तिला दोन मुलं आहेत, आणि मी आहे. तेव्हा पार्टीआधी तुमच्या बाईंना जाऊन विचारा; त्या नको म्हणाल्या, तर तेही ठीक आहे.